बर्फातला माग: ठसा केवढा यापेक्षा तो कधीचा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन, न्यू हॅम्पशर, व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत हवामानाच्या अंदाजातली एकच गोष्ट महत्त्वाची ठरते: रात्री बर्फ पडणार का, आणि पडला तर किती वाजता थांबणार. पायी चालत हरणाचा माग काढायचा असेल तर बर्फ थांबल्याची वेळ ही हातातली सगळ्यात मोलाची माहिती. हातात कॅमेरा असो वा रायफल, यात काही फरक पडत नाही.

नवखा माणूस जंगलात शिरला की ठशाचा आकार बघतो. केवढा थोरला नर असेल, या विचारातच तो सकाळभर चालतो आणि दुपारी कळतं की माग काल संध्याकाळचा होता. तोवर हरीण दोन डोंगर ओलांडून गेलेलं असतं. म्हणून आधी वेळ, मग आकार. वेळ कळली की पुढचा प्रश्न वेगाचा: कुठे झपाझप चालायचं आणि कुठे एकेक पाऊल जपून टाकायचं. माझ्या मते या कलेचं निम्म्याहून जास्त मर्म या दोन गोष्टींत आहे, आणि शिकताना लोक नेमका इथेच आळस करतात.

ही पद्धत याच भागात का रुजली, हे आधी सांगायला हवं. इथलं जंगल सलग आहे आणि त्यात पांढऱ्या शेपटीची हरणं (व्हाइटटेल) विरळ आहेत. मचाणावर बसून राहिलात तर आठवडाभर एकही दिसणार नाही, अशा जागा पुष्कळ. उत्तर मेनमधला नॉर्थ मेन वूड्स नावाचा पट्टाच ३५ लाख एकरांचा. मालकी बहुतेक खासगी आहे, पण नाक्यावर नोंद करून शुल्क भरलं की आत जाता येतं. व्हरमाँटच्या १७७७ च्या राज्यघटनेतच कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीचा हक्क लिहून ठेवला आहे. माग जाईल तिकडे जाता येणं ही या पद्धतीची पहिली अट, आणि ती इथे बऱ्याच अंशी पुरी होते. त्याच व्हरमाँटमधल्या डक्सबरी गावचे लॅरी बेनॉइट आणि त्यांची मुलं १९७० च्या दशकापासून अशा पायी मागासाठीच ओळखली गेली. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांनी मात्र मॅसॅच्युसेट्सच्या उपनगरी जंगलात हा प्रयोग करू नये. तिथे दर थोड्या अंतरावर कुणाची तरी हद्द लागते आणि माग अर्धवट सोडावा लागतो. उत्तर न्यू हॅम्पशर गाडीने साडेतीन-चार तासांवर आहे, तिथे जावं. प्रवेशबंदीच्या पाट्या मात्र सगळीकडेच पाळायच्या. मेनमध्ये झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला, तर परवानगीशिवाय आत येऊ नका, असा त्याचा अर्थ.

मधला नोव्हेंबर हा ऐन माजाचा काळ. दिवस लहान होत गेले की नर माजावर येतात. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा, त्यामुळे पाडसं मे अखेर ते जूनमध्ये, हिरवा चारा आल्यावर जन्मतात. या दिवसांत नर एका माद्यांच्या टोळीकडून दुसरीकडे भटकत असतो, रात्रीत कित्येक किलोमीटर चालतो, आणि म्हणून त्याचा माग कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर सापडतोच. पहाटे लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यांनी गाडी अगदी हळू चालवत कडेला नजर ठेवायची, हीच सुरुवात.

बर्फ कसला हवा? पाच ते पंधरा सेंटिमीटर, भुसभुशीत, आणि पहाटेआधी थांबलेला. दिवसा वितळून रात्री गोठला की वर कडक पापुद्रा येतो. त्यावर पाय पडला की आवाज शंभर मीटरवर जातो. अशा दिवशी माग वाचायला शिकावं, हरीण दिसायची आशा धरू नये. बर्फ पडत असतानाचा दिवस मात्र सोन्यासारखा. आवाज दबतो, आणि ठशात किती बर्फ साचलाय यावरून वेळ जवळजवळ मोजताच येते.

आता वेळ कशी ओळखायची ते. पहिलं घड्याळ म्हणजे बर्फच. तो दोनला थांबला आणि सकाळी सातला तुम्हाला असा ठसा मिळाला की ज्यात एक कणही पडलेला नाही, तर तो पाच तासांच्या आतला. ठशात पातळ थर असेल तर बर्फ थांबायच्या सुमाराचा. रेडिओवर किंवा फोनवर बर्फ थांबल्याची वेळ बघून ठेवायची आणि त्याच भागाची बघायची. डोंगराच्या दोन बाजूंना तासाभराचा फरक सहज पडतो.

दुसरी खूण हाताने बघायची. हातमोजा काढा आणि ठशाच्या कडेला बोटाने हलकेच दाबा. ताज्या ठशात खुराने मोडलेला बर्फ सुटा असतो, बोट लागताच रव्यासारखा घरंगळतो. थोडा वेळ गेला की तेच मोडलेले कण एकमेकांना चिकटतात आणि कड टणक होते. हे थंडीमुळे नुसतं गोठणं नाही. दबलेल्या, तुटलेल्या कणांचे सांधे जुळत जातात, म्हणून आजूबाजूचा अस्पर्श बर्फ मऊ असला तरी ठशाचा तळ घट्ट लागतो. तापमान शून्याच्या जवळपास असेल तर कितीतरी वेळ सगळंच मऊ राहतं आणि ही खूण फसवते. म्हणून शेजारी स्वतःची मूठ दाबून एक ताजा खड्डा करायचा आणि दोन्ही बोटाने तपासायचे. तुलना केल्याशिवाय नुसत्या अंदाजावर जाऊ नये.

याची तयारी घराच्या मागच्या अंगणात होते. संध्याकाळी सहाला, नऊला आणि झोपताना बर्फात बुटाचा एकेक ठसा उमटवायचा, शेजारी काडी रोवून ठेवायची. सकाळी उठून तिन्ही ठशांना बोट लावून बघायचं आणि रात्रीचं तापमान लिहून ठेवायचं. थंड रात्र, ढगाळ रात्र, वाऱ्याची रात्र, प्रत्येकीत कड वेगळी लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या खुणा ठशाबाहेर असतात. हरणाने बर्फाखालची पानं उकरून वर टाकली असतील तर ती उचलून बघा. नुसती पडलेली असतील तर ताजी, बर्फाला चिकटून आली तर शिळी. लेंड्या चकचकीत आणि मऊ असतील तर काम लवकर होण्याची शक्यता आहे. त्या टणक झाल्या असतील तर गोठायला लागणारा वेळ मनात धरायचा. ओढा ओलांडला असेल तर पलीकडच्या काठावर जा. अंगावरून निथळलेल्या पाण्याचे थेंब अजून ओले आहेत की त्यांचा बर्फ झालाय? काठालगतच्या चिखलात खूर रुतून तिथलं पाणी अजून गढूळ असेल, तर हरीण काही मिनिटांपूर्वीच गेलंय. तिथे उभं राहा, पाऊल टाकू नका, आधी पुढचं जंगल नजरेने चाळून घ्या.

ऊन मात्र मोठा फसवा. दुपारच्या उन्हात ठसा वितळून पसरतो आणि मादीचा ठसा थोरल्या नराचा वाटू लागतो. पसरलेल्या ठशाच्या कडा गोल आणि चकचकीत दिसतात. अशा वेळी मागावर थोडं पुढे जाऊन हेमलॉक किंवा स्प्रूस अशा दाट सदाहरित झाडांच्या सावलीतला ठसा शोधायचा आणि मापन तिथेच करायचं.

मापनाबद्दल एक नियम: ठशाच्या तोंडाचं नाही, तळाचं माप घ्यायचं. बर्फात खूर तिरका शिरतो, वर भोक मोठं दिसतं. बोटं आत घालून तळाशी खुराचे दोन्ही भाग चाचपायचे. इथल्या थोरल्या नराचा खूर लांबीला साधारण तीन इंच किंवा जास्त भरतो, प्रौढ मादीचा अडीचच्या आसपास. पुढचे खूर मागच्यांपेक्षा मोठे असतात. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात किंवा त्याला लागून पडतो, त्यामुळे दोन ठसे मिळून एक मोठा वाटण्याची चूक फार होते. जोड दिसते का ते नीट बघावं.

खुरापेक्षा मी चालीवर जास्त विश्वास ठेवतो. डाव्या आणि उजव्या पायांच्या ठशांच्या ओळी जवळजवळ एका रेषेत असतील तर अंगाने बारीक जनावर. ओळींमध्ये सहा-आठ इंचांचं अंतर असेल तर छाती रुंद, वजन भरपूर. दोन-तीन सेंटिमीटर बर्फातसुद्धा खुराची टोकं फरफटत गेल्याच्या रेघा दिसल्या तर बहुधा नर. बर्फ घोट्याच्या वर असेल तर सगळीच हरणं पाय फरफटतात, तेव्हा या खुणेला किंमत नाही. मादी खाली बसून मुतते, डाग मागच्या पायांच्या ठशांमागे एकाच जागी पडतो. नराचा पुढे पडतो, किंवा माजाच्या दिवसांत चालता चालता थेंबाथेंबाने सांडत जातो. सगळ्यात पक्का पुरावा शिंगांचा. बर्फात नाक खुपसून खाल्लं असेल तर नाकाच्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना शिंगांच्या टोकांचे ओरखडे मिळतात. जिथे मादी दोन झाडांमधून सरळ निघून गेली असती, तिथे तो वळसा घालून गेलेला दिसतो. कोवळ्या झाडाची साल शिंगांनी घासून तिची ताजी साळपटं बर्फावर पडलेली असतील, किंवा पायाने जमीन उकरून काळी माती बर्फावर उडवलेली असेल, तर शंकाच नको. एका खुणेवर निकाल देऊ नये. तीन जुळल्या की माग धरावा.

एक सावधगिरी मूसची, म्हणजे हरणाच्याच कुळातल्या धिप्पाड जनावराची. मूसच्या वासराचा ठसा थोरल्या हरणाच्या ठशाएवढा भरतो. त्याची ढांग लांब असते आणि शेजारी बहुधा पाच-सहा इंचांच्या ठशांची आई असते. शंका असेल तर पन्नास मीटर मागे जाऊन बघा, दोन माग वेगळे झालेले मिळतील.

माग ताजा आणि नराचा ठरला की चालायला लागायचं, आणि इथे बहुतेकांचा वेग चुकतो. दबकत, थांबत, झाडाआडून डोकावत ते सुरुवातीपासूनच चालतात. पण माग सरळ रेषेत, एकसारख्या ढांगेने, टेकडीमागून टेकडी ओलांडत जात असेल तर तो नर प्रवासात आहे. तोही चालतोय आणि पुढे आहे. तुम्ही ताशी अर्धा किलोमीटरने गेलात तर अंतर वाढतच जाणार. अशा पट्ट्यात आवाजाची फारशी पर्वा न करता दमदार चालायचं. ठशांवर नजर खिळवू नका, वीस-तीस मीटर पुढचा माग एका दृष्टिक्षेपात पकडायला शिका, नजर जंगलात असू द्या. मागाच्या बाजूने चाला, ठशांवर पाय देऊ नका. चुकलात तर परत येऊन बघता आलं पाहिजे.

मग अचानक माग बदलतो. ढांग आखूड होते, रेषा नागमोडी होते, ठसे एका जागी घुटमळतात. इथे त्याने खायला सुरुवात केली आहे, आणि खाल्ल्यावर तो बसणार. कोवळ्या मेपलच्या डहाळ्या बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे डहाळी तुटते ती फाटल्यासारखी, धागे निघालेली. सशाने कुरतडलेली डहाळी चाकूने तिरकी कापल्यासारखी साफ असते. बीचच्या झाडाखाली बिया शोधत बर्फ उकरलेला असतो. पडलेल्या स्प्रूस आणि फरच्या फांद्यांवर दाढीसारखं लोंबणारं दगडफूल हरणं आवडीने खातात. यातलं काहीही दिसलं की मघाचा वेग विसरायचा. एक पाऊल, मग थांबणं, मग समोरचा प्रत्येक आडवा आकार तपासणं. जंगलात झाडं उभी असतात. आडवी रेषा दिसली तर ती पडलेला ओंडका असेल किंवा हरणाची पाठ. अख्खं हरीण शोधू नका. कान, नाकाचा काळा ठिपका, पायाचा कोन, शेपटीची पांढरी कड, एवढंच आधी दिसतं.

बसायच्या आधी थोरला नर पुष्कळदा वळसा घेतो. माग उतारावर वर चढतो, मग वाऱ्याचा अंदाज घेत मागे वळतो आणि आपल्याच जुन्या मागावर नजर राहील अशा उंचवट्यावर तो बसतो. म्हणून घुटमळणारा माग वर चढू लागला की मागाच्या रेषेत पुढे बघण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या वरच्या अंगाला बघावं. शक्य असेल तर माग सोडून वाऱ्याखालच्या बाजूने समांतर चालावं आणि दर पन्नास-साठ मीटरवर परत येऊन माग पुढे गेलाय का याची खात्री करावी.

वाऱ्यासाठी इथले लोक मिल्कवीडच्या शेंगा खिशात ठेवतात. ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती, शेंगेत तशीच म्हातारी. एक तंतू सोडला की तो वीस मीटरपर्यंत तरंगत जाताना दिसतो, आणि वारा कुठे वळतो, कुठे खाली बसतो तेही समजतं. वारा बघायला पावडर उडवायची बाटली मिळते, तिच्यातून एवढं कळत नाही. स्वच्छ दिवशी ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते आणि संध्याकाळी खाली उतरते. दुपारनंतर हरणाच्या वरच्या अंगाला राहिलात तर तुमचा वास थेट त्याच्याकडे जातो.

बसकण, म्हणजे हरीण बसल्याची जागा, सापडली तर ती वाचायला पाच मिनिटं द्या. थोरल्या नराची बसकण सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि एकटी असते. मादी-पाडसांच्या दोन-तीन एकत्र, लहानमोठ्या असतात. तळाला अंगाच्या उबेने वितळलेला बर्फ अजून ओला असेल तर हरीण नुकतंच उठलंय. गुळगुळीत काच झाली असेल तर वेळ झाला. निघताना ठसे चालीचे आहेत की उड्यांचे, ते पाहा. उड्या असतील तर खूर फाकलेले, मागचे दोन छोटे खूर उमटलेले आणि दोन उड्यांमध्ये चार-पाच मीटर मोकळा बर्फ. म्हणजे त्याने तुम्हाला ओळखलं.

उठवलेल्या हरणामागे लगेच जावं की अर्धा तास थांबावं, यावर इथे दोन पंथ आहेत. मी मागालाच विचारतो. शंभर-दीडशे मीटरच्या आत उड्या संपून चाल सुरू झाली आणि एका जागी वळून मागे बघितल्याचे ठसे मिळाले, तर त्याने नुसता आवाज ऐकला होता, वास घेतला नव्हता. तिथे वीस मिनिटं थांबून हळू पुढे गेलं तर संधी उरते. उड्या अर्धा किलोमीटर चालल्या असतील तर त्याला वास लागलाय, मग थांबूनही फारसा उपयोग होत नाही.

कपड्यांत लोकर हवी. नायलॉनचं जाकीट फांदीला घासलं की खरखरतं, लोकर गप्प राहते आणि ओली झाली तरी ऊब धरते. कपडे असे घाला की गाडीतून उतरताना थोडी थंडी वाजेल. चालताना घाम आला आणि मग बसकणीपाशी अर्धा तास निश्चल उभं राहावं लागलं, तर त्या घामानेच कुडकुडायला होतं. बूट रबरी तळाचे आणि चामड्याच्या नळीचे. एल. एल. बीन या मेनमधल्या कंपनीने १९१२ मध्ये विकायला काढलेला तो नमुना अजून चालतो, कारण त्याच्या मऊ तळातून खालची काटकी पायाला लागते. शिकारीच्या दिवसांत भगव्या-नारिंगी चकाकत्या रंगाची टोपी आणि बंडी घालायचीच. मेनमध्ये बंदुकीने शिकार करणाऱ्यांना दोन्ही सक्तीची आहेत, कॅमेरावाल्यांनीही घालावी. हरणाला तांबडा रंग वेगळा ओळखता येत नाही, ते तुम्हाला टिपतं ते हालचालीवरून. रायफलच्या नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, आत बर्फ गेला तर नळी फाटू शकते. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. मेनमध्ये रविवारी शिकारीला बंदी आहे. नुसता माग वाचायला शिकायचं असेल तर यासारखा दिवस नाही.

जानेवारी ते मार्च मात्र माग सोडून द्यावा. बर्फ गुडघ्याच्या जवळ आला की हरणं सीडर आणि हेमलॉकच्या दाट छायेखाली गोळा होतात आणि साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. कडक हिवाळ्यात वजनातला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरतो. अशा वेळी त्यांना एकदा पळवलं, तरी ती ताकद भरून काढायला चारा नसतो. यात सूट कुणालाच नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला उत्तर मेनमध्ये सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. जंगलात शिरताना गाडी उभी केलेला रस्ता कुठल्या दिशेला पसरलाय ते कंपासवर बघून लिहून ठेवा आणि जीपीएसमध्ये गाडीची जागा नोंदवा. स्वतःच्या पावलांवरून परत येऊ, हा भरवसा ठेवू नका. वारा सुटला किंवा पुन्हा बर्फ लागला की तासाभरात ती बुजतात. शिवाय नराने दिवसभर गोल फिरवलं असेल, तर गाडी जवळच असूनही तुम्ही दहा किलोमीटर उलटं चालाल. डोक्याचा दिवा, दोन ठिकाणी ठेवलेल्या काड्यापेट्या, बर्चच्या सालीचा तुकडा, कोरडे मोजे आणि शिट्टी सोबत हवीच. बीव्हर या प्राण्याने ओढा अडवून केलेल्या तळ्यावरून माग गेला म्हणून तुम्हीही जाऊ नका. हरणाला पेलणारा बर्फ माणसाला पेलेलच असं नाही, काठाने जा.

दीड वाजता माग कितीही ताजा असला तरी गाडी किती दूर आहे ते बघा आणि दोनच्या आत वळा. सोडताना ती जागा जीपीएसमध्ये नोंदवा आणि मागाची दिशा लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या जागेपर्यंत चालत जायचं कारण नाही. गाडीने त्या दिशेच्या पुढच्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर जा आणि कड तपासत चला. तोच रुंद ठसा रस्ता ओलांडून गेलेला दिसला तर त्याच्याही पुढच्या रस्त्यावर जा. जिथे ओलांडलेला दिसणार नाही, तिथे गाडी लावायची. तो त्या रस्त्याच्या आणि मागच्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि शेवटच्या ओलांडणीपासूनचा माग आता फार तर रात्रीचा आहे.